लॅपटॉप सारखा क्रॅश होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे पाहा

लॅपटॉप वरचेवर बंद पडू लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, विंडोज नव्याने टाका. दोष रॅममध्ये किंवा बॅटरीत असेल तर त्याने काही साधत नाही. उलट, काय बिघडले ते सांगणाऱ्या नोंदी मात्र पुसल्या जातात.

या नोंदी विंडोजमधल्याच 'इव्हेंट व्ह्यूअर' या प्रोग्राममध्ये असतात. तो उघडून 'विंडोज लॉग्ज'मधले 'सिस्टिम' पाहा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद हमखास दिसते आणि नावातल्या 'पॉवर'मुळे लोक चार्जरच्या मागे लागतात. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते. कामाची गोष्ट तिच्या 'डिटेल्स'मध्ये, 'बगचेककोड'समोर असते.

तिथला आकडा शून्य नसेल तर विंडोजनेच दोष ओळखून क्रॅशची सूचना देणारा निळा पडदा दाखवलेला असतो. हा आकडा दशमान पद्धतीत असतो आणि निळ्या पडद्याचे कोड हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या) पद्धतीत, त्यामुळे आहे तसा शोधला तर भलतीच माहिती हाती लागते. कॅल्क्युलेटरच्या 'प्रोग्रामर' मोडमध्ये तो बदलून घ्या. २९२ म्हणजे १२४: हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक. १५९ म्हणजे ९एफ: बहुधा स्लीपमध्ये जाताना किंवा त्यातून उठताना अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे एखादा हार्डवेअरचा भाग चालवणारा प्रोग्राम. २६ म्हणजे १ए: मेमरीची गडबड. ती कधी कधी खराब ड्रायव्हरमुळेही होते, पण आधी रॅम तपासावी. पेनड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६+' हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू करा आणि किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक निघाली तरी रॅम नापास. 'एकच तर आहे' म्हणून सोडून देऊ नये. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. त्याआधी चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टरही सोडवा.

आकडा शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायला सवडच मिळाली नव्हती. वीज तुटली, मशीन अतितापून बंद झाले किंवा ते गोठल्यावर कुणी पॉवर बटण दाबून धरले. उष्णतेचा संशय सहज पडताळता येतो. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसला पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तरच बंद होतो. म्हणून जड काम सुरू करताच मशीन मंदावून मग बंद पडत असेल, तर पंखा अडकलाय, जाळीत धूळ साचलीय किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलीय. हवा मारून धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा; मोकळे सोडले तर ते मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होते.

फक्त बॅटरीवर असतानाच बंद पडतो? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /batteryreport' ही आज्ञा द्या. अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी मिळतात. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि अचानक भार आला की व्होल्टेज कोसळते. म्हणून चाळीस टक्के दिसत असतानाही मशीन बंद होते. टचपॅड वर आलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तिथे तपासणी थांबवा, चार्जिंगही बंद करा.

डिस्कचे लक्षण निराळे. माउस हलतो, पण क्लिक केले की काहीच उघडत नाही आणि मिनिटाभराने सगळे एकदम उघडते. अशा वेळी आधी बॅकअप घ्या. थेट 'चेकडिस्क' ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय चालवली तर मरणाऱ्या डिस्कवर भलताच ताण पडतो.

ड्रायव्हर की हार्डवेअर हे तरीही ठरत नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी, विंडोजऐवजीची ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून काही तास नेहमीचे काम करा. तिथेही मशीन कोसळले तर विंडोजचा दोष नाही. तिथे टिकले तर अलीकडे अपडेट झालेला ड्रायव्हर 'रोल बॅक' करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या, पण एका वेळी एकच, आणि ग्राफिक्सपासून सुरुवात करा.