कॅमेरा आधी, तिकीटवाला नंतर : भारतीय क्रिकेटची मैदानं टीव्हीने कशी बदलली

वानखेडेवर आयपीएलचा सामना ऐन भरात असतो, फलंदाज सुटलेला असतो, अख्खं नॉर्थ स्टँड उभं असतं आणि तेवढ्यात खेळ थांबतो. 'स्ट्रॅटेजिक टाइम-आउट', अडीच मिनिटं. डावात दोनदा, म्हणजे सामन्यात चार वेळा. घरी बसलेल्यांना या वेळात जाहिराती दिसतात आणि मैदानातल्यांसाठी डीजे गाणं लावतो. 2009 मध्ये, आयपीएलच्या दुसऱ्याच हंगामात ही पद्धत आली, तेव्हा तर प्रत्येक डावात साडेसात मिनिटांची एकच सलग सुट्टी होती. इतका वेळ खेळ गोठला की सामन्याची लय तुटते अशी ओरड झाल्यावर तिचे दोन तुकडे केले गेले. सुट्टी मात्र राहिली.

तिकीट काढून आलेल्या कुणीही ही विश्रांती मागितली नव्हती. मग ती आली कुठून, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं. ज्या काळी मैदानातला माणूस हाच क्रिकेटचा अन्नदाता होता, तिथपर्यंत.

मुंबईत तर या माणसाच्या बसण्याच्या जागेवरून एक आख्खं स्टेडियम उभं राहिलं. 1937 पासून मुंबईचं मोठं क्रिकेट ब्रेबॉर्नवर व्हायचं. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या कसोटीसाठी मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या वाट्याला किती जागा आणि किती तिकिटं यायची, यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजत राहिलं. शेवटी संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी पुढाकार घेतला आणि हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम बांधून काढलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. इतक्या जवळ दोन कसोटी मैदानं असण्यामागचं कारण हे. तिकिटाला तेव्हा इतकी किंमत होती, कारण संघटनेची तिजोरी तिकीटबारीवर भरायची.

प्रक्षेपणाचा मैदानावर होणारा परिणाम मात्र टीव्हीच्याही आधीचा आहे. लोक ट्रान्झिस्टर कानाला लावूनच स्टँडमध्ये बसत. समोर खेळ दिसत असूनही समालोचन ऐकायचंच, कारण चेंडू बॅटला लागला की नाही हे लांबून कळत नाही. मराठीत बाळ ज. पंडितांच्या आवाजाने तर क्रिकेट न पाहिलेल्या घरांनाही क्रिकेट 'दाखवलं'. पण 1969 च्या नोव्हेंबरात याच ट्रान्झिस्टरची दुसरी बाजू ब्रेबॉर्नवर दिसली. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. रेडिओवर समालोचकाने निर्णयाबद्दल नाराजी बोलून दाखवली, ती हजारो कानांत एकाच क्षणी शिरली आणि स्टँड पेटले. बाटल्या, जाळपोळ, सगळं झालं. मैदानातला माणूस डोळ्यांपेक्षा प्रक्षेपणावर जास्त विश्वास ठेवू लागल्याची ही पहिली मोठी खूण होती, असं मला वाटतं.

टीव्ही आला तेव्हा जगभरच्या क्रीडा संघटनांना एकच धास्ती होती : घरबसल्या फुकट दिसलं तर मैदानात येणार कोण? अमेरिकेत 1950 साली लॉस एंजेलिस रॅम्स या फुटबॉल संघाने घरच्या मैदानावरचे सामने टीव्हीवर दाखवले आणि गर्दी जवळपास निम्म्यावर आली. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या फुटबॉल सामन्यांचं थेट प्रक्षेपण न करण्याचा नियम 1960 च्या दशकापासून चालत आला आहे. मोठा सामना टीव्हीवर लागला तर छोट्या गावच्या छोट्या क्लबचं मैदान ओस पडेल, हे त्यामागचं कारण. प्रेक्षकाला मैदानात टिकवून ठेवण्यासाठी टीव्हीला वेसण घालणारा हा नियम. आपल्याकडे त्या तोडीचं काही झालं नाही.

कारण आपल्याकडे टीव्हीच उशिरा आला. दिल्लीत 1959 साली प्रयोग म्हणून सुरुवात झाली, मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने देशभर जोडलेलं, रंगीत प्रक्षेपण आलं. पुढच्याच वर्षी, 25 जून 1983 ला लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला गेला. त्याच स्पर्धेत टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद 175 धावा मात्र कुठल्याच कॅमेऱ्यात नाहीत. त्या दिवशी जे मैदानात होते, तेवढ्यांनीच ती खेळी पाहिली. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती चक्रावतात.

इकडे हे चालू असताना ऑस्ट्रेलियात टीव्हीने क्रिकेट ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. कॅरी पॅकर यांना त्यांच्या चॅनेल नाइनसाठी कसोटीचे हक्क हवे होते. जास्त पैसे देऊ करूनही मंडळाने नकार दिला, तेव्हा त्यांनी 1977 मध्ये जगातले उत्तम खेळाडूच पळवले आणि स्वतःची मालिका भरवली. रात्रीचे सामने, पांढरा चेंडू, रंगीत कपडे, दोन्ही टोकांना कॅमेरे. त्याआधी कॅमेरा एकाच बाजूला असल्याने एकाआड एक षटकात फलंदाजाची फक्त पाठ दिसायची! पॅकर मंडळाशी समझोता करून परतले, त्यानंतर लगेचच ऑस्ट्रेलियातलं आठ चेंडूंचं षटक सहा चेंडूंचं झालं. षटकं जास्त, म्हणजे मधल्या जाहिरातीही जास्त.

पण पॅकरने मैदानातल्या माणसाला दूर लोटलं नाही, उलट बोलावलं, हेही सांगायला हवं. 28 नोव्हेंबर 1978 ला सिडनीत प्रकाशझोतातल्या सामन्याला सुमारे 50 हजार लोक आले. कामावरून सुटलेले नोकरदार, बायका, मुलं. रात्रीचा सामना टीव्हीच्या सोयीचा होता, तसाच दिवसभर राबणाऱ्याच्याही सोयीचा होता. आपल्याकडे पहिला दिवस-रात्र सामना सप्टेंबर 1984 मध्ये दिल्लीत, आशियाई स्पर्धेसाठी बांधलेल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाला. वानखेडेवर दिवे लागले 1996 च्या विश्वचषकात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध.

पैशाची दिशा बदलली ती या दोन तारखांच्या मधल्या काळात. तोपर्यंत सामना दाखवायचा तर क्रिकेट मंडळालाच दूरदर्शनकडे पैसे मोजावे लागत. 1993 मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कपचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनने विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. मुख्य निकालपत्र लिहिलं होतं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूचा होता आणि त्याचं मोल मोठं आहे. त्यात टीव्ही पाहणाऱ्याच्या माहितीच्या हक्काचा विचार आहे. तिकीट काढणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता आणि नंतरही कुणी तो तितक्या जोराने मांडला नाही. खासगी वाहिन्यांच्या पैशाला वाट मात्र मोकळी झाली.

याच सुमारास खेळ 'दिसणं' म्हणजे काय, हेही बदललं. 14 नोव्हेंबर 1992, दरबान. जाँटी ऱ्होड्सची फेक, मैदानातल्या पंचाने बोट वर न करता निर्णय रिप्लेवर सोपवला आणि सचिन तेंडुलकर टीव्ही पाहून धावबाद दिला गेलेला पहिला फलंदाज ठरला. अंतिम सत्य आता मैदानाबाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर होतं. पुढे डीआरएस, म्हणजे पंचाच्या निर्णयाची टीव्हीवर फेरतपासणी मागण्याची सोय आली, 2008 मध्ये श्रीलंकेत भारताविरुद्धच तिची पहिली चाचणी झाली. घरच्या प्रेक्षकाला चेंडूची रेघ, आवाजाची लहर, यष्टीजवळचं बोलणं असं सगळं मिळू लागलं. पैसे भरून उन्हात बसलेल्याच्या वाट्याला काय? खांबाआडून दिसणारा मोठा पडदा. अनेक मैदानांवर बराच काळ तोही नव्हता. शेजाऱ्याला 'काय झालं रे?' विचारायचं आणि त्याने घरी फोन करून सांगायचं, हा अनुभव कित्येकांनी घेतला आहे.

या साऱ्यात मला सर्वांत बोचणारा दिवस कोलकात्याचा आहे. फेब्रुवारी 1999, ईडन गार्डन्स, पाकिस्तानविरुद्ध आशियाई कसोटी. पाच दिवसांत मिळून चार लाखांहून अधिक लोक आले. एवढी गर्दी कुठल्याच कसोटीला झाली नव्हती. चौथ्या दिवशी शोएब अख्तरला धडकून सचिन क्रीझबाहेर राहिला आणि तिसऱ्या पंचाने त्याला धावबाद दिलं. लोक खवळले. सचिन स्वतः मैदानात फिरून शांत राहा म्हणून विनवत होता. पाचव्या दिवशी पुन्हा बाटल्या पडल्या, तेव्हा पोलिसांनी सरसकट सगळे स्टँड रिकामे केले. दगड मारणारे गेले आणि गप्प बसलेले म्हातारेकोतारे, बायका, पोरं, तीही गेली. मग रिकाम्या ईडनवर उरलेला खेळ झाला आणि पाकिस्तान 46 धावांनी जिंकलं. बाटल्या फेकण्याचं समर्थन कुणीच करणार नाही. पण त्या दुपारी एक गोष्ट उघड झाली : एक लाखाच्या मैदानात प्रेक्षक नसले तरी सामना पुरा होतो, कारण कॅमेरे जागेवर असतात. एकवीस वर्षांनी, 2020 मध्ये करोनामुळे आयपीएल अमिरातीत रिकाम्या मैदानांवर खेळवली गेली, तेव्हा टीव्हीवर गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज लावला होता. माणसं नसली तरी चालेल, त्यांचा आवाज हवा.

आता आकडे पाहू. 2008 साली आयपीएलचे हक्क दहा वर्षांसाठी 100 कोटी डॉलरहून थोड्या अधिक रकमेला गेले. 2022 च्या लिलावात टीव्ही आणि डिजिटल मिळून पाच हंगामांचे 48,390 कोटी रुपये आले. 410 सामने धरले तर सामन्यामागे सुमारे 118 कोटी. वानखेडेची क्षमता साधारण 33 हजार. म्हणजे एवढीच रक्कम वानखेडेच्या तिकिटांतून उभी करायची ठरवली, तर प्रत्येक खुर्चीचं तिकीट 35 हजार रुपयांच्या पुढे जाईल. तिकीटबारीला मंडळाच्या हिशेबात आज काय जागा आहे, ते या भागाकारात दिसतं. टाइम-आउट का आला, याचंही उत्तर तिथेच आहे.

वानखेडेची क्षमता पूर्वी सुमारे 45 हजार होती. 2011 च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधताना ती घटली. खुर्च्या आल्या, छप्पर आलं, हे चांगलंच झालं. पण त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची सर्वसामान्यांसाठी विक्रीला आलेली तिकिटं होती जेमतेम 4 हजार. बाकीची क्लब, संघटना, प्रायोजक यांच्यात वाटली गेली. ज्या स्टेडियमचा जन्म जागांच्या वाटणीतल्या अन्यायातून झाला, तिथे!

टीव्हीने सगळीकडे वाईटच केलं असं नाही, आणि मराठी माणसाला त्याचा दाखला जवळच आहे. लालबाग, परळ, नायगावच्या मातीच्या मैदानांवर कबड्डीला रात्ररात्र गर्दी व्हायची. गिरण्या बंद पडल्या तशी ती वस्तीच पांगली. 26 जुलै 2014 ला वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मॅटवरचा, उजेडातला, तीस सेकंदांच्या चढाईचा घड्याळासह दिसणारा खेळ देशाच्या घराघरांत गेला. कोल्हापूर-रत्नागिरीच्या पोरांना त्यातून पोट भरण्याचा मार्ग मिळाला. मातीच्या स्पर्धांत हद्दीच्या दोरीला टेकून, खेळाडूच्या घामाच्या वासापर्यंत पोहोचणारी जी जागा असायची, ती मात्र डोममध्ये नाही.

2023 च्या एकदिवसीय विश्वचषकाचं वेळापत्रक स्पर्धेच्या जेमतेम शंभर दिवस आधी जाहीर झालं, ऑगस्टमध्ये त्यातल्या काही सामन्यांच्या तारखा बदलल्या आणि तिकीटविक्री त्यानंतर सुरू झाली. भारत-पाकिस्तान सामना 15 ऑक्टोबरवरून 14 वर आला. त्याआधीच ज्यांनी अहमदाबादची विमानं आणि हॉटेलं आरक्षित केली होती, त्यांचं नुकसान त्यांनीच सोसलं. 5 ऑक्टोबरला 1 लाख 32 हजारांच्या त्या मैदानावर इंग्लंड-न्यूझीलंड सामन्याने स्पर्धा सुरू झाली, तेव्हा केशरी-निळ्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवरही लपल्या नाहीत.

आणि त्यानंतर, 30 जानेवारी 2025 च्या सकाळी, दिल्लीत वेगळंच घडलं. विराट कोहली 2012 नंतर पहिल्यांदा रणजी सामना खेळणार होता. प्रवेश मोफत. रेल्वेविरुद्धचा हा सामना थेट दाखवण्याच्या यादीत आधी नव्हता. लोकांची उत्सुकता पाहून प्रक्षेपणाची सोय नंतर केली गेली. पहाटेपासून रांगा लागल्या, दारावर रेटारेटी झाली, हजारो लोक एका साध्या रणजी सामन्याला उन्हात बसले. दुसऱ्या दिवशी कोहली 6 धावांवर त्रिफळाचीत झाला आणि थोड्याच वेळात बरेचसे उठून गेले. उरलेल्यांसमोर दिल्लीचा डाव पुढे चालू राहिला.