सनरूम फक्त बर्फाळ मुलखासाठी?

‘बाराही महिने बाहेर बसता येतं, तिथे काचेची खोली हवी कशाला? सनरूम म्हणजे बर्फाळ मुलखाची गरज,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं तर गणित उलटं आहे.

काच ऊन आत घेते, पण भिंतीच्या मानाने उष्णता भराभर बाहेरही घालवते. म्हणून अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या मिनेसोटा राज्यात हीटर नसलेली सनरूम हिवाळाभर बंदच असते. तिथे तिला ‘थ्री-सीझन रूम’ म्हणतात, यातच काय ते आलं.

आता कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो घ्या. जानेवारीत दुपारी १८-१९ अंश, रात्री साधारण १० अंश. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३-३४ अंश वर असतो. दक्षिणेच्या काचेतून तिरपं ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं, दिवसभर फरशी तापते आणि संध्याकाळी तीच ऊब परत देते. जूनमध्ये सूर्य ८० अंशांवर, जवळपास डोक्यावर. तेव्हा साधा छज्जाही दक्षिणेचं ऊन अडवतो. शिवाय मे-जूनमध्ये समुद्रावरून येणारं ढगाळ मळभ आणि गार वारा असतोच. अशा वेळी काचेआड बसणंच बरं वाटतं.

पश्चिमेला मात्र काच लावायची तर विचार करून. मावळतीचं ऊन छज्ज्याखालून सरळ आत घुसतं आणि खोलीची भट्टी होते.

आणि हो, तिथे बसून ‘ड’ जीवनसत्त्व मिळेल ही आशा सोडा. त्यासाठी लागणारे उन्हातले यूव्ही-बी (अतिनील) किरण साधी काच अडवते; सोफ्याचा रंग विटवणारे यूव्ही-ए मात्र बरेचसे आत येतात.