दिवस भरणे (प्रसूतीची अपेक्षित तारीख)

दिवस भरणे : गर्भाची वाढ पूर्ण होऊन प्रसूतीची वेळ येणे. मराठीत बाईला दिवस जातात, दिवस राहतात आणि शेवटी दिवस भरतात. गरोदरपणाचा सगळा हिशेब दिवसांच्याच भाषेत चालतो. दवाखान्यातल्या कार्डावर या हिशेबाची एक तारीख लिहिलेली असते. पुण्यात तिला सरसकट ‘ड्यू डेट’ म्हणतात, तर घरातली वडीलधारी मंडळी ‘डॉक्टरांनी दिलेली तारीख’ म्हणतात. या ‘दिलेली’मुळे बरेच गैरसमज होतात. डॉक्टर तारीख देत नाहीत, अंदाज सांगतात. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी मुले शंभरात जेमतेम चार-पाच असतात.

मोजणी : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, असा हा हिशेब आहे. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की, पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. आपल्याकडे आजीच्या तोंडी ‘नऊ महिने नऊ दिवस’ असतात. शेवटची पाळी १० जूनला आली असेल, तर नेगेले यांच्या नियमाने १७ मार्च ही तारीख निघते आणि आजीच्या हिशेबाने १९ मार्च. दोन दिवसांच्या या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण निसर्ग दोन-दोन आठवडे इकडेतिकडे करतो. याच उदाहरणात ३७ आठवडे २४ फेब्रुवारीला पूर्ण होतात आणि ४२ आठवडे ३१ मार्चला. तयारी करायची ती या पाच आठवड्यांची. कॅलेंडरवर एका चौकोनाभोवती लाल गोल काढला, की घर त्याच दिवसाची वाट पाहत बसते आणि २५ फेब्रुवारीला कळा सुरू झाल्या की सगळ्यांची धावपळ होते.

नियमात एक गृहीतक दडलेले आहे : पाळी २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. ज्या बाईची पाळी ३५ दिवसांनी येते, तिची तारीख साधारण आठवडाभर पुढे जाते. दुसरे असे, की मोजणीतल्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गर्भ नसतोच. हे ठाऊक नसले की नको ते घडते. लग्नाला सहा आठवडे झालेले असतात, सोनोग्राफीच्या कागदावर ‘८ आठवडे’ लिहून येते आणि घरात बोटे मोजायला सुरुवात होते. हिशेबात चूक काहीच नसते. पाळीपासूनचे आठ म्हणजे गर्भधारणेपासूनचे सहा. हा कागद सुनेच्या हातात देतानाच डॉक्टरांनी दोन वाक्ये जास्त बोलावीत, इतके हे पुन्हा पुन्हा घडते.

पाळीची तारीख आठवत नाही, हीही नेहमीची अडचण. मग ‘संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी’, ‘पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा’ अशा खुणांवरून ती शोधली जाते. या खुणा बऱ्याचदा फोनमधल्या ॲपपेक्षा पक्क्या निघतात, कारण ॲपमध्ये तारीख भरायची राहून गेलेली असते. तरीही पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत डोक्यापासून बुडापर्यंत गर्भाची लांबी मोजून काढलेले वय सर्वांत भरवशाचे. नवव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान पाळीच्या हिशेबात आणि या मापात सात दिवसांहून जास्त फरक पडला, तर तारीख बदलतात. त्यानंतर मात्र ती पुन्हा पुन्हा बदलायची नसते. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापून आली, तर तिचा अर्थ बाळ त्या वयाच्या सरासरीपेक्षा लहान किंवा मोठे भरले एवढाच.

महिने आणि आठवडे : डॉक्टर आठवड्यांत बोलतात, घर महिन्यांत. ‘सातवा लागला’ म्हणजे सहा पूर्ण झाले आणि ‘सात भरले’ म्हणजे आठवा सुरू झाला. फोनवर यांची हमखास गल्लत होते. ‘सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत अजून ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. गर्भ पोटात जितका जास्त राहील तितकी फुप्फुसे तयार होतात, त्यामुळे ३४ आठवड्यांच्या बाळाला २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा धोका बराच कमी असतो.

टप्पे : वरच्याच उदाहरणात ११ ते १४ आठवड्यांची सोनोग्राफी २६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात येते, म्हणजे अनेक वर्षी ऐन गणपतीत. ‘गणपती झाले की जाऊ’ म्हणून ती राहून जाते आणि नंतर ते मोजमाप घेता येत नाही. बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास करतात. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण याच वेळी जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून २८ आठवड्यांच्या सुमारास अँटी-डीचे इंजेक्शन देतात. हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर गर्भलिंगनिदान केले जात नसल्याचा फलक असतो. १९९४ च्या कायद्याने ते गुन्हा आहे. डोहाळजेवणात मात्र दोन झाकलेल्या वाट्या पुढे येतात, ‘पेढा की बर्फी’ विचारतात आणि पेढा निघाला की टाळ्या जरा जास्त वाजतात.

घरातले टप्पे : तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता चोरओटी भरतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपाताचा संभव जास्त असतो, हे या गुपचूपपणामागचे व्यवहारज्ञान असावे. सातव्यात डोहाळजेवण : फुलांची वाडी, हातात धनुष्यबाण, झोपाळा. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत दोहद, दौहृद या शब्दांशी जोडतात. आई आणि गर्भ मिळून दोन हृदये, अशी ती कल्पना असून सुश्रुतसंहितेत ती चौथ्या महिन्याच्या वर्णनात येते. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज पुण्यात बदलतो आहे. लेक हिंजवडीला आणि माहेर लातूरला असेल, तर हल्ली आईच डिंक, अळीव, खारीक घेऊन पुण्यात येते. बाळाचे नवे कपडे आधी आणू नयेत असे मानणाऱ्या घरांतही जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, कपाटात वरच्या फळीवर ठेवलेली असतात. उरलेली झबली, टोपडी, लंगोट तुळशीबागेत तासाभरात मिळतात.

पुण्यातील संदर्भ : महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवांना भरत आलेले दिवस लपवावे लागत, त्यांना तिथे सुरक्षितपणे बाळंत होता येई. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. पुढे अमेरिकेत १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. १८८७ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले.

दिवसांची मोजणी किती काटेकोर करता येते, याचा नमुनाही पुणे जिल्ह्यातच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास झाला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन बायकांच्या पाळीच्या तारखा टिपून घेत. तारीख पक्की नसेल, तर बाळ लवकर जन्मल्यामुळे लहान आहे की पोटातच कमी वाढले, हे कळत नाही. या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५. आपली बाळे बारीक असूनही अंगावर तुलनेने चरबी बाळगून असतात, असे या अभ्यासातून पुढे आले.

पूर्वतयारी : ‘नाव कुठे घातलंय?’ हा पुण्यातला नेहमीचा प्रश्न बाळाच्या नावाविषयी नसून प्रसूतिगृहातल्या नोंदणीविषयी असतो. महापालिकेचे मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय आणि सरकारी ससून इथे सरकारी योजनेखाली बाळंतपण होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. नोकरदार बाईला कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. त्यांतले जास्तीत जास्त आठ अपेक्षित तारखेआधी घेता येतात, म्हणजे १७ मार्चच्या हिशेबाने २० जानेवारीपासून. बहुतेक जणी हे आठवडे आधी घेत नाहीत, बाळासाठी राखून ठेवतात.

दवाखान्याचा रस्ता हा पुण्यात वेगळा विषय आहे. तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपास असेल, तर लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यांच्या पलीकडचे प्रसूतिगृह निवडताना विचार करावा. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही चालते, आणि पेठेतल्या वाड्यातून रिक्षा निघेल या भरवशावर राहता येत नाही. पालख्यांच्या दिवसांतही तेच. अशा वेळी नदीपलीकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडे दोन रात्री आधी जाऊन राहणे शहाणपणाचे ठरते. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

मुहूर्त पाहून सिझेरियनची वेळ मागणारी कुटुंबेही आहेत. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया केल्यास बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो, त्यामुळे अमावास्या टाळण्यासाठी बाळाला दहा दिवस आधी बाहेर काढणे हा सौदा महागात पडू शकतो. उलट टोकाला ४१ आठवडे उलटले तर डॉक्टर कळा आणण्याविषयी बोलू लागतात. ४२ च्या पुढे सहसा थांबत नाहीत.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि रुग्णालयातल्या जन्माची माहिती रुग्णालयच कळवते. बाळाचे नाव नंतरही घालता येते. बारसे बाराव्या दिवसावरून सव्वा महिन्यावर ढकलणाऱ्या घरांमुळे त्या अर्जातली नावाची ओळ पुष्कळदा कोरीच जाते.