बेसिनमधला भोवरा आणि गालापागोसचे पेंग्विन

इक्वाडोरची राजधानी किटो. तिच्या उत्तरेला विषुववृत्ताची रेघ आखलेली आहे आणि तिथे पर्यटकांना एक प्रयोग हमखास दाखवतात. रेघेच्या उत्तरेला बेसिन ठेवून बूच काढलं की पाणी एका दिशेने गरगरत खाली जातं. बेसिन चार पावलं दक्षिणेला नेलं की भोवरा उलटा फिरतो. याला ‘कोरिऑलिस परिणाम’, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी वळणं, असं भारदस्त नाव दिलं जातं. प्रत्यक्षात ही हातचलाखी आहे. पाणी कोणत्या बाजूने ओतलं, बेसिन कसं हलवलं, यावर भोवऱ्याची दिशा ठरते.

याचं गणित सोपं आहे. पृथ्वीचं फिरणं एखाद्या ठिकाणच्या आडव्या पाण्याला किती जाणवेल, हे त्या जागेच्या अक्षांशाच्या साइनवर ठरतं; ती विषुववृत्तावर शून्य आणि ध्रुवावर सर्वांत जास्त असते. विषुववृत्तापासून 5 मीटरवर ते इतकं क्षीण असतं की त्याच्या जोरावर बेसिनमधल्या पाण्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे साडेतीन हजार वर्षं लागतील. हा परिणाम भांड्यात दिसतच नाही असं नाही. 1962 साली अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक आशर शापिरो यांनी तो दाखवला. पण त्यासाठी जवळजवळ दोन मीटर व्यासाच्या टाकीतलं पाणी 24 तास निवांत ठेवावं लागलं, आणि बॉस्टनजवळचं ते ठिकाण 42 अंश उत्तरेला आहे.

या प्रयोगाने फसू नये, एवढ्यासाठीच हे सांगत नाही. खरा कोरिऑलिस परिणाम याच रेषेवर, किनाऱ्यापासून साधारण 1000 किलोमीटर पश्चिमेला, एक अचाट काम करतो. गालापागोस बेटांवर पेंग्विन टिकून आहेत ते त्याच्यामुळे. सहलींच्या माहितीपत्रकांत याचं सगळं श्रेय पेरूकडून येणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहाला दिलेलं असतं. तो प्रवाह मदत करतो. पण पेंग्विन मुख्यतः राहतात पश्चिमेच्या इसाबेला आणि फर्नांदिना बेटांवर, म्हणजे हम्बोल्टकडे पाठ असलेल्या बाजूला. तिथला गारवा वेगळ्याच वाटेने येतो.

प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि उन्हाने तापलेलं वरचं पाणी इंडोनेशियाच्या दिशेने ढकलत राहतात. त्यामुळे तिकडची समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर वर असते. एवढ्या रुंद महासागरात हा उतार अगदी किरकोळ, पण पाण्याला तेवढा पुरतो. पृष्ठभागावर वारा त्याला परतू देत नाही. म्हणून जिथे वाऱ्याचा जोर पोचत नाही त्या खोलीवरून ते पूर्वेकडे निघतं. पश्चिमेला सुमारे 200 मीटर खोल असलेला हा प्रवाह पूर्वेकडे येताना वर चढत 100 मीटरच्या आत येतो. रुंदी सुमारे 400 किलोमीटर, वेग माणसाच्या चालीएवढा. ट्यूना पकडायचे खोल सोडलेले गळ वरच्या प्रवाहाच्या उलट वाहत जातात, हे लक्षात आल्यावर 1952 साली सागरशास्त्रज्ञ टाउनसेंड क्रॉमवेल यांनी त्याचा माग काढला. म्हणून तो क्रॉमवेल प्रवाह.

हजारो किलोमीटर हा प्रवाह विषुववृत्त सोडत का नाही? उत्तर गोलार्धात वाहतं पाणी आपल्या उजवीकडे वळतं, दक्षिण गोलार्धात डावीकडे. पूर्वेला निघालेलं पाणी जरा उत्तरेला सरकलं, तर त्याची उजवी बाजू दक्षिण. ते पुन्हा विषुववृत्ताकडे येतं. दक्षिणेला सरकलं, तर डावी बाजू उत्तर, पुन्हा तेच. जणू पन्हळीतून वाहणारं पाणी, फक्त पन्हळीच्या भिंती पृथ्वीच्या फिरण्याने उभ्या केलेल्या.

वरच्या थराचं नेमकं उलट होतं. पश्चिमेला जाणारं पाणी उत्तर गोलार्धात उत्तरेला वळतं, दक्षिणेत दक्षिणेला. भांग पाडावा तसं ते विषुववृत्तावर दुभंगतं आणि मोकळ्या झालेल्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. त्यात भर म्हणजे, क्रॉमवेल प्रवाहाच्या वाटेत इसाबेला आणि फर्नांदिनाचे ज्वालामुखी समुद्रतळापासून भिंतीसारखे उभे आहेत. प्रवाह त्यांच्यावर आदळून वर चढतो आणि खालची नायट्रेट, फॉस्फेट ही पोषक द्रव्यं उजेडात आणतो. त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर लहान मासे, आणि माशांवर पेंग्विन व न उडणारे पाणकावळे. सागरी इग्वाना, म्हणजे समुद्रात पोहणारे मोठे सरडे, खडकांवरचं शेवाळ खातात. इसाबेलाच्या उत्तर टोकावरून विषुववृत्त जातं. तिथले पेंग्विन पोहत उत्तर गोलार्धात शिरतात. दुसरी कोणतीही पेंग्विनची जात निसर्गतः तिथे राहत नाही.

वारे मंदावले की सारं कोलमडतं. उतार सपाट होतो, थंड पाणी वर येत नाही. हाच अल निनो, ज्याच्या बातम्यांकडे आपल्याकडचा शेतकरी मोसमी पावसासाठी डोळे लावून असतो. 1982-83च्या अल निनोत मध्य प्रशांतात हा खालचा प्रवाह काही काळ नाहीसाच झाला होता, आणि गालापागोसचे पेंग्विन 77 टक्क्यांनी घटले. सागरी इग्वानांची तर अशा काळात लांबी कमी होते, काहींची 20 टक्क्यांपर्यंत.

म्हणून गालापागोसच्या सहलीसाठी बोट निवडताना मार्ग आधी पाहावा. पेंग्विन आणि पाणकावळ्यांसाठी इसाबेला-फर्नांदिनाची पश्चिम फेरी घ्यावी. लाटांकित अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यासाठी एस्पान्योला बेट, तेही एप्रिल ते डिसेंबरमध्येच. आठवडाभराच्या एका फेरीत सहसा दोन्ही जमत नाही, कारण कोणत्याही बोटीला तीच जागा 14 दिवसांच्या आत पुन्हा दाखवता येत नाही, म्हणून बोटी आठवड्याआड मार्ग बदलतात. जुलै ते नोव्हेंबर पश्चिमेचं पाणी बोचरं असतं. स्नॉर्कलिंगला (नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहायला) 5 मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे ऊब राखणारा रबरी पोशाख, लागतो. जानेवारी ते एप्रिल 3 मिलिमीटरचा पुरतो. प्राण्यांपासून 2 मीटर अंतर, फ्लॅश बंद. 1 ऑगस्ट 2024 पासून भारतीय प्रौढाला उद्यानशुल्क 200 अमेरिकी डॉलर आहे. ताजी फळं, बिया, माती लागलेले बूट विमानतळावरच्या तपासणीत अडकतात. शिवाय पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

बेटांनंतर किटोकडे, अँडीज पर्वतातल्या पठारावर जायचं असेल तर एक धोका ओळखावा. विमानाच्या केबिनमधला दाब जास्तीत जास्त 2400 मीटर उंचीवरच्या हवेएवढा उतरतो, किटो मात्र 2850 मीटरवर आहे. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण 24 तास समुद्रसपाटीलाच थांबावं.

किटोत दोन रात्री काढूनच 4000 मीटरकडे निघावं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 62 टक्के. ऑक्सिजनचं प्रमाण 21 टक्केच असतं, पण दाब उतरल्याने प्रत्येक श्वासात तो कमी येतो. हिमालयात जाणारे आपले लोक कापराची पुडी हुंगतात, तिने यात काडीचाही फरक पडत नाही. नाक मोकळं वाटतं आणि धोक्याची डोकेदुखी दुर्लक्षित राहते, हे जास्त वाईट. डोकं दुखून मळमळू लागलं तर खाली उतरावं.

किटोच्या आग्नेयेला अँटिसाना अभयारण्यात पेन्योन देल इस्को नावाचा कडा आहे. तिथे अँडीयन कॉन्डोर, म्हणजे अँडीजमधली प्रचंड गिधाडं, रात्री मुक्कामाला असतात. सव्वातीन मीटरपर्यंत पंखांचा पसारा असलेला हा पक्षी पंख मारायला फार काचकूच करतो. पाटागोनियातल्या एका कॉन्डोरने पाच तासांत 172 किलोमीटर अंतर एकदाही पंख न मारता कापल्याची नोंद आहे. त्याला वर चढणारी हवा लागते. त्यामुळे ऊन कड्यावर आल्यानंतर, साधारण नऊच्या सुमारास दुर्बीण लावून बसावं. दुपारनंतर धुकं चढलं की समोरचा कडाही दिसत नाही.