दुसऱ्याच्या दारातून आत: पॅरा-स्नोबोर्डची पार्श्वभूमी

एमी पर्डी दोन्ही पाय गमावल्यावर पुन्हा स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीवर, उभी राहिली, तेव्हा एका मोठ्या उंचवट्यावर आपटून पडली. गॉगल एकीकडे, टोपी दुसरीकडे. बोर्डाला घट्ट बांधलेले तिचे दोन्ही कृत्रिम पाय मात्र बोर्डासकट उतारावरून सुटले, आणि ती वरच राहिली. खाली असलेल्यांना काय दिसलं असेल बघा: बोर्ड येतोय, त्यावर पाय आहेत, माणूस नाही! हा किस्सा ती स्वतःच हसत हसत सांगते.

ही अमेरिकी मुलगी १९९९मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, जिवाणूजन्य मेंदूज्वरातून कशीबशी वाचली. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. त्याआधी ती सराईत स्नोबोर्डर होती, त्यामुळे तंत्र तिला शिकायचं नव्हतं. ती पडली ती घोट्यापायी.

हे नीट समजून घेतलं की पॅरा-स्नोबोर्डचा, म्हणजे अपंगांच्या स्नोबोर्डचा, पुढचा सगळा इतिहास उलगडतो. स्नोबोर्डवर दोन्ही पावलं आडवी बांधलेली असतात. बोर्डाला दोन कडा असतात, एक चवड्याकडची, एक टाचेकडची. वळायचं म्हणजे भार एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायचा, आणि हे बारीकसारीक काम घोटा करतो, आपल्याला कळतही नाही. चालण्यासाठी बनवलेल्या कृत्रिम पायात घोटा जवळजवळ ताठच असतो. गुडघ्याच्या वर पाय कापलेला असेल तर अडचण दुप्पट होते. चालण्याचा कृत्रिम गुडघा उभं राहताना सरळ राहावा आणि पाऊल टाकताना झुलावा, एवढ्यासाठीच घडवलेला असतो. स्नोबोर्डरला हवा असतो तो वेगळाच गुडघा: अर्धवट वाकलेला, त्याच अवस्थेत अंगाचा भार पेलणारा आणि उंचवटा आला की दबून परत वर उसळणारा. अदृश्य खुर्चीवर अर्धवट बसून ताशी कितीतरी किलोमीटर वेगाने खाली जायचं, असं काहीसं.

असा गुडघा किंवा घोटा दुकानात मिळत नव्हता. पर्डी आणि तिचे पाय बनवणारा तंत्रज्ञ यांनी गंजके बोल्ट, रबर, लाकूड आणि भडक गुलाबी चिकटपट्टी एवढ्या सामानावर घोटा हलेल असं पाऊल जुळवलं. ते चाललंही.

स्कीइंगला ही अडचण इतकी कधीच भासली नाही, आणि म्हणूनच ते कितीतरी आधी पुढे गेलं. स्कीइंगमध्ये हातात काठ्या असतात. एक पाय गेला तर एका स्कीवर उभं राहायचं आणि दोन्ही हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या कुबड्या धरायच्या. बर्फावर तीन रेघा उमटतात. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांमुळे या पद्धतीला युरोपात जोर आला. हातबॉम्बने दोन्ही पाय गमावलेला ऑस्ट्रियाचा सेप झ्विकनागल कृत्रिम पायांवर स्कीइंगचे प्रयोग करत होता. पुढे बसून करायच्या स्कीइंगसाठी खुर्चीसारखी साधनंही आली. १९७६मध्ये स्वीडनमधल्या अर्न्शोल्ड्सविक इथे पहिलं हिवाळी पॅरालिम्पिक झालं, तेव्हा स्कीइंग तयारच होतं. स्नोबोर्डवर काठी नाही. तोल गेला तर टेकायला काही नाही. सगळी भिस्त पायांवर, आणि पायच नसेल तर तो बनवण्यावर.

त्यात स्नोबोर्ड हा मुळातच उशिरा आलेला पाहुणा. अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेनने १९६५च्या नाताळात मुलीसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, ती या खेळाची एक सुरुवात. स्कीच्या उतारांवर या पोरांना बरीच वर्षं मज्जाव होता. ऑलिम्पिकने दार उघडलं ते १९९८च्या नागानोमध्ये, आणि अनेक खेळाडू एकाच वेळी उंचवटे-वळणांच्या मार्गावरून सुटतात तो स्नोबोर्ड क्रॉस आला २००६मध्ये, तुरिनला. धडधाकट खेळाडूंनाच मान्यता मिळायला इतकी वर्षं लागली, तर पॅरा-स्नोबोर्डला कोण विचारतो? तरीही या धाकट्या शाखेला फार थांबावं लागलं नाही, आणि त्याचं श्रेय बरंचसं दोन-तीन हट्टी माणसांना आहे असं मला वाटतं.

त्यातलं पहिलं नाव बिबियान मेंटेल. नेदरलँड्ससारख्या सपाट देशातली ही बाई, पण २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकचं तिकीट तिच्या आवाक्यात होतं. घोट्याच्या दुखापतीची तपासणी करताना नडगीत कर्करोगाची गाठ सापडली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑलिम्पिक हुकलं. पण २००२मध्येच तिने कृत्रिम पायावर डच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही दोन्ही पाय शाबूत असलेल्या स्पर्धकांना हरवून. यापुढची तिची दहा वर्षं दोन लढायांत गेली. एक कर्करोगाशी, जो पुन्हा पुन्हा परत येत राहिला. दुसरी, स्नोबोर्ड पॅरालिम्पिकमध्ये यावा म्हणून. पत्रं, भेटी, बैठका, इतर देशांतल्या खेळाडूंना जमवणं, तरुण अपंग मुलांना बर्फावर आणणं. त्यासाठी तिने स्वतःची संस्थाही काढली. अमेरिकेत पर्डी आणि डॅनिएल गेल यांनी २००५मध्ये अपंगांना अशा खेळांत उतरवणारी ‘अॅडॅप्टिव्ह अॅक्शन स्पोर्ट्स’ ही संस्था सुरू केली होती. जागतिक स्नोबोर्ड महासंघाच्या छत्राखाली स्पर्धाही होऊ लागल्या होत्या. मागणी करायला माणसं होती आणि मोजून दाखवायला स्पर्धाही होत्या.

मे २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने होकार दिला. होकार अर्धामुर्धाच होता. २०१४च्या सोची पॅरालिम्पिकमध्ये स्नोबोर्ड आला तो स्वतंत्र खेळ म्हणून नाही, तर अल्पाइन स्कीइंगची एक शाखा म्हणून. सुवर्णपदकं फक्त दोन, एक पुरुषांचं, एक महिलांचं. पात्रता फक्त पायाचं अपंगत्व असलेल्यांना. हात नसलेल्यांना प्रवेश नाही. स्पर्धेचं नाव स्नोबोर्ड क्रॉस, पण क्रॉसचा जीव असलेली समोरासमोरची झुंजच गाळलेली. एकेकाने घड्याळाविरुद्ध तीन फेऱ्या मारायच्या आणि त्यातल्या उत्तम दोन फेऱ्यांची बेरीज धरायची.

तरीही १४ मार्च २०१४ हा दिवस या खेळाच्या पंचांगात ठळक अक्षरांत लिहावा असा. पुरुषांमध्ये तिन्ही पदकं अमेरिकेने नेली: इव्हान स्ट्राँग, माइक शे आणि कीथ गेबल. महिलांमध्ये सुवर्ण मेंटेलला, रौप्य फ्रान्सच्या सेसिल एर्नांदेझला, कांस्य पर्डीला. ऑस्ट्रेलियाचा बेन टुडहोप तिथे आला तेव्हा अवघ्या १४ वर्षांचा होता, त्या पॅरालिम्पिकमधला सर्वांत लहान खेळाडू.

आता पुन्हा गुडघ्याकडे वळू, कारण त्याची गोष्ट अर्धीच सांगून झाली. माइक शुल्ट्झ हा अमेरिकी बर्फावरच्या मोटारसायकलींच्या, म्हणजे स्नोमोबाइलच्या शर्यतींतला नावाजलेला गडी. डिसेंबर २००८मध्ये शर्यतीतच अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्याला परत गाडी चालवायची होती, आणि बाजारातले गुडघे त्या कामाचे नव्हते. मग त्याने डोंगरातल्या सायकलींना लावतात तसला हवेच्या दाबावर चालणारा शॉकॲब्सॉर्बर घेतला आणि त्याभोवती गुडघा रचला. तो दबतो, भार धरून ठेवतो, परत उसळतो, आणि पंपाने हवा कमी-जास्त करून किती कडक हवा ते ठरवता येतं. जड खेळाडूला जास्त हवा, हलक्याला कमी. पुढे तशीच सोय असलेलं पाऊलही त्याने बनवलं. २०१०मध्ये त्याने यासाठी कंपनी काढली. स्वतः स्नोबोर्डवर आला तो या सगळ्यानंतर.

यातली गंमत अशी की त्याने बनवलेले भाग त्याचे प्रतिस्पर्धीही वापरतात. सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिल्यावर ज्याला हरवायचं आहे त्याच्या मांडीखाली आपणच बनवलेला गुडघा असावा, असं दुसऱ्या कुठल्या खेळात घडत असेल?

२०१५मध्ये स्पेनमधल्या ला मोलिना इथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि २०१८च्या प्योंगचांग पॅरालिम्पिकमध्ये स्नोबोर्डने भाड्याची खोली सोडून स्वतःचं घर केलं. सुवर्णपदकं दोनाची दहा झाली. समोरासमोरची झुंज आली, सुरुवातीला दोघादोघांची. बँक्ड स्लॅलम हा दुसरा प्रकार आला, ज्यात उतारावर रचलेल्या बर्फाच्या भिंतींना घासत वळणं घेत एकट्याने वेळ नोंदवायची. त्याची परंपरा अमेरिकेतल्या माउंट बेकरवर १९८५पासूनची आहे, पण ऑलिम्पिकमध्ये तो आजही नाही. एवढ्या एका बाबतीत धाकटा थोरल्याच्या पुढे आहे.

वर्गही तीन झाले. एलएल१मध्ये पायाचं गंभीर अपंगत्व, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वर कापलेला पाय, एलएल२मध्ये तुलनेने कमी, उदाहरणार्थ एक पाय गुडघ्याखाली कापलेला, यूएलमध्ये हातांचं. हात नसला तर बोर्डावर काय अडतं, असा प्रश्न पडू शकतो. हात पसरून तोल सावरणं अडतं, आणि सुरुवातीच्या दारात दोन हँडल धरून स्वतःला पुढे खेचणंही. क्रॉसमध्ये पहिलं वळण कोण आधी गाठतो यावर बरंच ठरतं.

प्योंगचांगमध्ये शुल्ट्झने क्रॉसचं सुवर्ण घेतलं. मेंटेलने दोन सुवर्णपदकं घेतली, तीही मानेवरच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत. २९ मार्च २०२१ रोजी, ४८व्या वर्षी, ती गेली.

आणि लगेच पुढच्याच पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ एक पाऊल मागे आला. २०२२च्या बीजिंगसाठी दहाची आठ सुवर्णपदकं झाली. महिलांचा एलएल१ वर्ग गाळला गेला, कारण त्यात पुरेशा खेळाडू नाहीत. अमेरिकेची ब्रेना हकाबी या वर्गात प्योंगचांगची दुहेरी सुवर्णविजेती. हाडाच्या कर्करोगामुळे किशोरवयात तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापलेला. ती म्हणाली, मग मला एलएल२मध्ये खेळू द्या. म्हणजे स्वतःपेक्षा कमी अपंगत्व असलेल्यांशी, तोटा पत्करून. समितीने नकार दिला. समितीचं मुख्यालय जर्मनीत, बॉन शहरात असल्यामुळे वाद जर्मन न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२२मध्ये निकाल हकाबीच्या बाजूने लागला. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या एर्नांदेझलाही न्यायालयातूनच प्रवेश मिळवावा लागला, स्पर्धा तोंडावर आलेली असताना.

बीजिंगमध्ये क्रॉसचं सुवर्ण मिळालं एर्नांदेझला, कांस्य हकाबीला. बँक्ड स्लॅलमचं सुवर्णही हकाबीने जिंकलं. ज्यांना कार्यक्रमात जागाच नव्हती, त्या दोघींनी महिलांची दोन्ही सुवर्णपदकं नेली. यावरून दोन उलट निष्कर्ष निघू शकतात. वर्गांच्या सीमारेषा चुकल्या आहेत असं कोणी म्हणेल. या दोघी अपवाद होत्या, त्यांच्यामागच्या फळीतल्या मुली तशा जिंकणार नाहीत, असं दुसरं कोणी. मी दुसऱ्याकडे झुकतो. खेळाडू कमी म्हणून वर्ग गाळायचा, आणि वर्गच नाही म्हणून नवीन मुली यायच्या कशाला, हे चक्र दोन असामान्य बायकांनी तुटत नाही.

१ जुलै २०२२पासून खेळाचा कारभार पॅरालिम्पिक समितीकडून आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाकडे गेला. म्हणजे फिरून पुन्हा स्कीवाल्यांच्याच अंगणात, फक्त या वेळी दारावर स्नोबोर्डचंही नाव आहे. मिलान-कोर्टिना २०२६साठी सुवर्णपदकं आठच ठेवली गेली: पुरुषांना तीन वर्ग, महिलांना एक. हाताचं अपंगत्व असलेल्या महिलांना तर पॅरालिम्पिकच्या या उतारावर स्वतःचा वर्ग आजवर एकदाही मिळालेला नाही.