मेटल डिटेक्टर अन् पडीत शेतातलं 'सोनं'

आमच्या खान्देशात बाभळी माजलेलं पडीत शेत दिसलं की कोणीतरी सांगतंच, मशीन फिरवा, वीस फुटावरचं सोनं पण सांगते. नाही सांगत भाऊ! हाताने फिरवायच्या मशीनच्या कॉइलमधून चुंबकीय लहर जाते, धातूत बारीक करंट तयार होतो आणि मशीनला फक्त त्याची उलटी लहर कळते, म्हणून दारूच्या बाटलीचं अल्युमिनियमचं बूच आणि सोन्याची अंगठी सारखीच वाजू शकते. नाणं असेल तर साधारण वीतभर खोलपर्यंत, मोठं भांडं थोडं अजून खाली, बस. आणि निघतं काय तर बैलाचा नाल, नांगराचा फाळ, खिळे, नशीब असेल तर एखादा तांब्याचा पैसा.

दुसरं, 'माझं शेत, माझं धन' हेही चूक. 1878 चा निधी कायदा (म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा) आजही आहे, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावंच लागतं, लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर तर कुदळ लावूच नका, खरंच सांगतो. प्रकाशा गावी तापी-गोमाई नद्यांच्या संगमाजवळ 1955 मध्ये उत्खनन झालं, तिथे ताम्रपाषाण काळापासूनचे (तांबं आणि दगडाची हत्यारं वापरायचे तो काळ) थर एकावर एक मिळाले, ते कळलं कारण माती थराथराने काढली. खड्डा करून उपसलेल्या नाण्याचा थर कोणता होता हे मग कोणालाच सांगता येत नाही.