जेवणाचं डॉक्टरांना शिकवलं कुणी? थोडं मागचं

आमच्या आत्याला शुगर निघाली तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या एकदम नीट समजावून सांगितल्या, पण खायचं काय विचारलं तर एक झेरॉक्स हातात दिली, त्यावर ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह ऑइल. ज्वारी नाही, करडईचं तेल नाही, अंबाडीची भाजी नाही. आत्यानं इमानदारीत भाकरी सोडली आणि बेकरीतून ब्रेड आणायला लागली, मी पुडा उलटून बघितला तर पहिलंच नाव मैदा. डॉक्टरांवर राग नाही माझा, त्यांना शिकवलंच तसं गेलंय आणि ते आजचं नाही.

आपल्या देशात आहाराचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी रोगापासून. 1918 ला रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीवर काम चालू केलं, म्हणजे पॉलिशचा तांदूळ खाऊन बी1 जीवनसत्त्व कमी पडतं तो आजार. जे कमी पडतंय ते द्या, पेशंट सुधारतो. स्कर्व्ही, मुडदूस, रातांधळेपणा, सगळ्यांचं असंच, त्यामुळं आहार म्हणजे 'कमतरता' हे समीकरण पक्कं बसलं. पुढं 1946 ला देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीनं सांगितलं की डॉक्टरला समाजाचं आरोग्य पण शिकवा, त्यातून कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोग टाळणं आणि समाजाचं आरोग्य, हा विषय रुजला आणि आहाराचा मोठा भाग तिकडं गेला. बाकीचा बायोकेमिस्ट्रीत आणि थोडा बालरोगात. पीएसएमच्या प्रॅक्टिकलला बरण्या मांडलेल्या असतात, ज्वारी, बाजरी, लाखाची डाळ, पोरं ओळखतात, प्रोटीन किती ते सांगतात, मार्क मिळतात. पण मेडिसिनच्या वॉर्डात शुगरच्या पेशंटच्या खाटेजवळ उभं राहून 'सकाळी काय खाल्लं' हे विचारायला शिकवणारं कोण?

आता आपल्या भागाचं बघा. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, त्याच वर्षी औरंगाबादला मेडिकल कॉलेज आलं, त्याच्या आधी इकडची पोरं डॉक्टर व्हायला हैदराबादच्या उस्मानिया कॉलेजला जायची. आणि कुन्नूरची ती प्रयोगशाळा 1958 ला हैदराबादला आली, तीच पुढं 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था. ज्वारीत काय, शेंगदाण्यात काय, असे तक्ते त्याच संस्थेत तयार झाले, हैदराबाद इकडून एका रात्रीच्या गाडीवर, पण आपल्या ओपीडीच्या टेबलापर्यंत काही आले नाहीत.

त्यात 72 चा दुष्काळ. दुष्काळी कामावर खायला सुकडी, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, घरातल्या म्हाताऱ्यांना अजून तिची चव आठवते. पोट भरणं हाच प्रश्न होता. 1974 ला अंबाजोगाईचं कॉलेज निघालं ते याच काळात, आणि मला वाटतं त्या पिढीच्या शिक्षकांना उपासमारच जास्त महत्त्वाची वाटली असणार, त्यात चूक काय. पण पुढं गावागावात शुगर-बीपी शिरलं आणि शिकवणं मागंच राहिलं.

हे फक्त आपलंच नाही बरं का. अमेरिकेत 1985 ला तज्ज्ञांनी सांगितलं की मेडिकलला आहाराचे किमान 25 तास हवेत, 2010 ला छापलेल्या पाहणीत जेमतेम 27 टक्के कॉलेजं तिथवर पोचलेली. आपल्याकडं 2019 पासून नवा अभ्यासक्रम आलाय, त्यात आहार आहे, पण परत तसाच वाटून दिलेला.

आणि 2018 ला परभणीच्या कृषी विद्यापीठातून लोह-जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी आली, ही गोष्ट किती डॉक्टरांच्या कानावर गेली असेल?

पुढच्या तारखेला मी आत्यासोबत गेलो. ती सरळ म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ब्रेड नाही जमत मला, भाकरी किती खाऊ तेवढं सांगा." डॉक्टर थांबले, पेन खाली ठेवला आणि विचारलं, "मावशी, तुमची भाकरी केवढी असते?" आत्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं.